गेटवरचा फवारा

सकाळी सव्वाअकरा वाजता रंजना खरटमलने व्यवस्थापकाच्या टेबलावर मूठ आपटली. तीन वर्षांत कारखान्यात कुणी आवाज चढवला नव्हता. हजेरी लावताना नाकात मारला जाणारा फवारा मेंदूतल्या गाबा या शमवणाऱ्या रसायनाचा जोर वाढवी. भाऊ भट्टीत जळाला, तेव्हा तिला रडूही आलं नव्हतं. म्हणून आजचा धरून तीन दिवस तिने गेटवर श्वास रोखून फवारा चुकवला होता.

“भट्टीचं दार बाहेरून कुणी लावलं, साहेब?”

“बोला बाई, बोला,” व्यवस्थापक घड्याळाकडे बघत म्हणाला. “फवारा एकदम सोडला की तिसऱ्या दिवशी आकडीचा झटका येतो. तोवर ऐकतो की आम्ही.”

अकरा चाळीसला तिला झटका आला. ती अजून शुद्धीवर आलेली नाही.

दुपारच्या पाळीला चौदा जणांनी गेटवर श्वास रोखला. त्यांचा तिसरा दिवस परवा आहे.