शेवटचा टोला

"डोळे मिटलेलेच ठेवा," कोच म्हणाला. "चेंडू होलमध्ये पडताना दिसला?"

"दिसला. टक असा आवाजही आला," दातांचे डॉक्टर म्हणाले.

"तिथेच थांबू नका. टोपी काढा, समोरच्याशी हात मिळवा. मन शेवटपर्यंत खेळलं की हात चुकत नाहीत."

गोल्फ क्लबच्या सामन्यात डॉक्टर दरवर्षी आपल्या साडूशी हरत. तेही अगदी शेवटी, होल हातभर अंतरावर असताना. गेल्या वर्षी तर धीर सुटून त्यांनी तो टोला मारलाच नाही. सरळ हात पुढे केला. डाव पुरा होण्याआधी हात पुढे करणं म्हणजे हार कबूल करणं, असा तिथला शिरस्ता. साडूने हा किस्सा सासुरवाडीच्या प्रत्येक पंगतीत वाढला. जखमेवर मीठ चोळायला त्याला चमचा लागत नसे.

यंदा डॉक्टर इरेला पेटले. सकाळी घरातल्या सतरंजीवर पेला आडवा ठेवून टोले मारायचे आणि दुपारी दवाखान्यात, पेशंटच्या खुर्चीत आडवं होऊन, तोच टोला मनात मारायचा.

"चहा घेतलात?" त्यांच्या बायकोने एकदा विचारलं.

"घेतला की."

बायकोने साय धरलेला भरला कप उचलला. "आणि सामना? जिंकलात ना?"

"रोजच जिंकतो."

सामन्याच्या दिवशी शेवटच्या होलपर्यंत दोघे बरोबरीत होते. साडूचा टोला पहिल्यांदाच हुकला. डॉक्टरांचा चेंडू होलपासून हातभर अंतरावर होता. तो पडला की वर्षानुवर्षांचं उट्टं निघणार होतं.

डॉक्टरांनी डोळे मिटून श्वास घेतला. स्टिक हलकेच मागे गेली, पुढे आली. चेंडू गवतावरून सरळ धावला, काठावर जरा रेंगाळला आणि पडला. टक.

त्यांना इतका आनंद झाला की डोळे भरून आले, समोरचं सगळं धूसर झालं. त्यांनी टोपी काढली, साडूकडे गेले आणि हात पुढे केला.

साडू बघतच राहिला. मग त्याने तो हात दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"डॉक्टर, यंदाही?" त्याने हळूच विचारलं.

डॉक्टरांनी डोळे पुसून मागे पाहिलं. चेंडू होलपासून हातभर अंतरावर, जिथल्या तिथे होता.