बोटावरचे गिअर

तीस वर्षांत माझ्या मोटारसायकलला मेकॅनिकचा हात लागलेला नाही. सदाशिव पेठेत हे सांगितलं की लोक हसतात. हसू देत.

आठवडाभर दुसरा गिअर अडकत होता. रविवारी सकाळी खाली पार्किंगमध्ये गाडी डबल स्टँडवर घेतली, सैल पडलेली क्लचची केबल ताणली, गिअरच्या दांड्याला ग्रीस दिलं. मग इंजिन बंद ठेवून एका हाताने मागचं चाक फिरवत दुसऱ्या हाताने गिअर टाकत गेलो. मला कमी ऐकू येतं, म्हणून वर गॅलरीत उभी राहून माझी बायको हुस्नबानू खटके मोजते आणि बोटं दाखवते.

एक. दोन, अगदी अलगद. तीन. चार.

गाडी चारच गिअरची. मी रुबाबात उठलो आणि फडक्याला हात पुसू लागलो.

तिचा अंगठाही वर आला.

"चारच असतात!" मी ओरडलो.

"मोजता येतं मला," ती वरून तेवढ्याच जोरात म्हणाली. "पाचवा पडला. मानलं हं तुम्हाला!"

क्षणभर मला बरंच वाटलं. मग माझे दोन्ही हात फडक्यात दिसले.

हुस्नबानूने दुसरा हात वर केला. पण सहावा खटका मला स्वतःलाच ऐकू आला.