कोरडा बाप्तिस्मा

मेणबत्ती पेटेना. मृतांच्या स्मरणदिनी अख्खं गाव दफनभूमीत लोटलं होतं आणि म्हातारी सुईण इसाबेल एका बाळाच्या हातभर थडग्यापाशी तिसरी काडी ओढत होती.

चाळीस वर्षांपूर्वी तिनेच फादरांना सांगितलं होतं, “जीव जायच्या आत मी डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा दिला.” म्हणून बाळाला कुंपणाच्या आत जागा मिळाली; बाप्तिस्मा नसलेल्यांना तेव्हा बाहेर पुरत. पाणी घातलंच नव्हतं. तेव्हापासून आंघोळीचा तांब्या उचलला की ते बाळ डोळे उघडून तिच्याकडे बघायचं.

पाण्यावाचून स्वर्ग नाही, असं जुने फादर बायबल उघडून सांगत. परवा नवे फादर म्हणाले, बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं देवाच्या दयेत असतात. पुस्तक तेच, देव तेवढा मवाळ झालेला! इसाबेलला हसू आलं, झोप मात्र आली नाही.

बाळाची आई मोनिका फुलं घेऊन आली, तेव्हा इसाबेल म्हणाली, “पोरी, त्या दिवशी मी खोटं बोलले. बाप्तिस्मा दिलाच नव्हता.”

“ठाऊक आहे, मावशी. माझं रक्त थांबेना म्हणून तुझे दोन्ही हात माझ्या पोटावर होते. पाणी कुठल्या हाताने घालणार होतीस?”

“मग बोलली का नाहीस गं?”

“त्याला उकरून बाहेर काढलं असतं ना.” मोनिकाने फुलं ठेवली. “न्यायाच्या दिवशी देव तुला पाण्याचं विचारेल. तू सांगशील, आईला वाचवत होते. मला बाळ विचारेल, मग तू का वाचलीस? त्याला मी काय सांगू?”