आतून कडी

विळीच्या पात्यावर मागूर आडवा गेला आणि खिडकीबाहेर उभ्या तनुकाला पुन्हा टुबाईचा, तिच्या बाळाचा, गळा दिसला.

मासा जिवंत होता. हातातून निसटू नये म्हणून निभाराणीने, तिच्या सासूने, तळव्यांना राख चोळली होती. मुंडकं वेगळं झालं तरी ताटलीत ते तोंड उघडत राहिलं, मिटत राहिलं. तनुकाच्या डोळ्यांसमोर ते मुंडकं पाच महिन्यांचं झालं. तिने तोंडात पदर कोंबला आणि ती न्हाणीकडे पळाली.

बाळंतिणीच्या अंगात रक्त भरावं म्हणून हा रस्सा. रोज एक मासा. रोज एक गळा.

विळीचंच असतं तर विळी टाळता आली असती. तळ्याच्या घाटावर गेली की टुबाई पाण्याखाली बुडबुडे सोडताना दिसायचा. उशी उचलली की उशीखाली. गच्चीवर गेली की खाली फरशीवर फुटलेला. घरातली सुरी, कात्री, नेलकटर तिने एका डब्यात भरलं आणि डबा तळ्यात बुडवला. दुपारी बाळाशेजारी आडवं व्हायची वेळ आली की गमछ्याने स्वतःची मनगटं खाटेच्या पायाला बांधून घ्यायची, गाठ दातांनी आवळायची. दूध पाजतानाही हात पाठीमागे. टुबाईला छातीशी धरायला शेजारची बुलूची आई लागायची. तो पोटभर प्यायचा, आईच्या तोंडाकडे बघून हसायचा, आणि तनुका डोळे घट्ट मिटून घ्यायची.

निभाराणी नातवाला घ्यायची नाही. गुडघे दुखतात म्हणे. त्याचं मालीश, आंघोळ बुलूच्या आईच्या हातून. निभाराणी उंबऱ्यापलीकडून नुसती बघायची. मासे चिरताना तर दाराला आतून कडी. मांजर येतं, म्हणायची. तनुकाला वाटायचं, हिला माझ्या पोराची मायाच नाही. उद्या मला धरून नेलं तर त्याला कोण?

नवऱ्याला, दीपांजनला, एकदा तिने अर्धं सांगून पाहिलं. तो शाळेत मास्तर. हसला. म्हणाला, सातवीचा वर्ग एकदा बघ, मलाही रोज गळे दाबावेसे वाटतात. उरलेलं अर्धं तनुकाने गिळून टाकलं.

मग तिच्या मनगटांवरचे वळ त्याला दिसले आणि तो घाबरला. त्याच्या मावशीने भूत उतरवणारा ओझा आणला. त्याने तिला अंगणात बसवलं, नाकाशी मिरच्यांचा धूर धरला, केस मुठीत पकडून झाडू चालवला. कोण आहेस, नाव सांग, म्हणून ओरडत राहिला. तनुका हलली नाही. फटका बसला की चित्र क्षणभर पुसलं जायचं. ओठ फुटून हनुवटीवर रक्त आलं तेव्हा तीच म्हणाली, "अजून मारा."

निभाराणी तुळशीपाशी बसली होती. दर फटक्याला तिचे खांदे आकसत होते.

तिसऱ्या दिवशी रोकेया आली, लशीची आठवण करून द्यायला. गावातली आशाताई ती. फुटलेला ओठ तिने पाहिला, मग मनगटं पाहिली. कोणी बांधलं, विचारलं. मीच, तनुका म्हणाली. रोकेयाने वही मिटली. जिल्ह्याच्या इस्पितळात बुधवारी मनाच्या आजारांची डॉक्टर बसते, म्हणाली, मी घेऊन जाते. दीपांजन भडकला. वेड्यांच्या डॉक्टरकडे? बहीण लग्नाची आहे घरात. रोकेया त्याला समजावत होती तेवढ्यात निभाराणी उठली आणि तिने पायांत चपला सरकवल्या. बुधवारी तिघी निघाल्या. टुबाईला रोकेयाने घेतलं.

तनुकाने डॉक्टरच्या दारातच सांगून टाकलं, पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, पण आधी बाळाला माझ्यापासून लांब न्या. डॉक्टरने तिला बसवलं. सासूबाई बाहेर थांबतील का, विचारलं. नको, तनुका म्हणाली. पोर त्यांच्याच पदरात पडणार, त्यांनाही कळू दे. मग तिने सगळं सांगितलं. विळी, तळं, उशी, गच्ची. सांगताना एकदाही थांबली नाही.

डॉक्टरने पुष्कळ विचारलं. कोणाचे आवाज येतात का? कोणी हुकूम देतं का? कधी हात उचललास का? जीव द्यावासा वाटतो का? आणि शेवटी, "हे करायची इच्छा होते तुला?"

"त्यापेक्षा माझे हात तोडा, दीदी."

"हा आजार आहे. ओसीडी म्हणतात. कोणी दिवसभर हात धुतं, कोणी कुलपं तपासतं. तुझ्या मनाने तुझं सगळ्यात लाडकं तेच धरलंय. तुला मारायची हौस नाही, बाई. भीती आहे."

गोळ्या लिहून दिल्या. दर बुधवारी यायचं. गमछा आधी सैल करायचा, मग सोडायचा. चित्र आलं तर येऊ द्यायचं, पळायचं नाही. जड जाईल, महिने लागतील, असं डॉक्टर म्हणाली. पण बाळ तुझ्याजवळच राहील.

तनुकाला एवढं शेवटचंच ऐकू आलं. रोकेयाने टुबाईला तिच्या मांडीवर ठेवलं. त्याने तिचा फुटलेला ओठ चिमटीत धरून ओढला. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं गेलं. चला मासीमा, रोकेया म्हणाली. निभाराणी उठली नाही. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरून बसली होती.

"माझा दीपांजन बत्तीस वर्षांचा झाला," ती डॉक्टरला हळू आवाजात म्हणाली. "त्याला मी एकदाही न्हाऊ घातलं नाही. इतकं जुनं दुखणं बरं होतं का हो?"