डावा हात

"डोळे मीट आणि डावा हात बाटल्यांवरून फिरव," अक्कानं गेल्या वर्षी शैलाला सांगितलं होतं. "बोटं थांबतील ते फूल तुझं. शरीराला आपलं औषध बरोबर कळतं." छातीतली गाठ तेव्हा बोराएवढी होती. अक्काचा पुष्पौषधींवर, म्हणजे फुलांच्या अर्कांच्या थेंबांवर, भारी विश्वास, आणि शैलाचा या थोरल्या बहिणीवर. बोटं रानगुलाबाच्या बाटलीवर थांबली. शैलानं ऑपरेशन रद्द केलं आणि ती जिभेवर थेंब घेत राहिली.

आज डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आता कापून उपयोग नाही, एवढंच सांगितलं. शैला तडक अक्काकडे आली, तिला जाब विचारायलाच.

अक्कानं शांतपणे ऐकून घेतलं, चहा पुढे ठेवला. मग म्हणाली, "बाटली मी कुठं दिली होती गं? तुझ्याच हातानं निवडलीस. मनात शंका असली की हात चुकतो."

शैलाच्या ओठांवर आलेलं सगळं मागे फिरलं. खरंच, त्या दिवशी डोळे मिटल्यावर तिला क्षणभर डॉक्टरांचा चेहरा आठवला होता.

अक्कानं बाटल्यांची लाकडी पेटी पुढे सरकवली. "या वेळी तरी मन लावून निवड."

शैलानं डोळे घट्ट मिटले आणि माफी मागितल्यासारखा डावा हात पुढे केला.