काहीच ऐकू आलं नाही म्हणून

तिने लाल बटण दाबलं आणि पुलाचे खांब ठोकणारा अजस्र हातोडा मधेच थांबला.

मुकादम तरातरा तिच्या बोटीवर आला. "डॉल्फिन ऐकू आले?"

"नाही."

"मग काय बोटांना खाज सुटली होती?"

तिने बटणावरचा हात काढला नाही. पाण्यात सोडलेल्या माइकवरून ऐकत बसायचं आणि डॉल्फिनचा आवाज आला की त्यांना दणक्यांनी इजा होऊ नये म्हणून हातोडा थांबवायचा, एवढीच तिची नोकरी. उन्हाळ्यात डॉल्फिन खाडीत हुंदडत, शिट्ट्या मारून कान किटवत. काम सारखं बंद पडे. म्हणून कंपनीने खांब थंडीत ठोकायला घेतले. थंडीत शिट्ट्या कमी, त्यामुळे सगळे निवांत.

"कालपर्यंत इथे माद्या होत्या, पिल्लांसकट," ती म्हणाली. "हळू आवाजात का होईना, बोलत होत्या. आज पहिला घाव बसला आणि चिडीचूप! खाडीच्या तोंडावर आपली माणसं आहेत, एकही डॉल्फिन बाहेर गेलेला नाही. इथेच आहेत बिचाऱ्या, जीव मुठीत धरून."

"अगं, आवाज आला तर थांबवायचं असा नियम आहे! न आल्यावर नाही!"

"नियम चुकलाय."

मुकादमाला हसूच फुटलं. तो नियम तिच्या आईनेच, डॉल्फिनच्या आवाजांचा अभ्यास करून, केलेला. सगळी बंदरं तो डोळे मिटून पाळत. पोरीला नोकरीही आईच्या नावावर मिळाली, असं बोटीवर सगळेच म्हणत. म्हणेनात का!

"थांब, तुझ्या मातोश्रींनाच विचारतो. नोकरी गेली समज."

"खुशाल विचारा. ती 'सोड' म्हणाली तरी मी बटण सोडणार नाही."

मुकादमाने फोन स्पीकरवर टाकला आणि मीठमसाला लावून सगळं सांगितलं.

"आई, नियम करताना तू त्यांना फक्त उन्हाळ्यात ऐकलंस," ती मधेच म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "तेव्हा ते खेळतात, म्हणून ओरडतात. थंडीत त्यांच्याजवळ तान्ही पिल्लं असतात. थंडीत का नाही गेलीस समुद्रावर?"

आता आईच झापणार, या खात्रीने मुकादमाने विजयी मुद्रेने तिच्याकडे पाहिलं.

"त्या थंडीत तू महिन्याची होतीस गं," आई म्हणाली. "बाहेर खुट्ट झालं तरी तुला पोटाशी धरून मी श्वास रोखून बसायचे... मुकादम, तो माझा नियम घाला चुलीत."