एक्केचाळीस सूर

बोथ गावात कुणाकडेही हळद असली की गाणं म्हणायला अर्पिताच्या मायला बोलावणं यायचंच. विद्यापीठात ध्वनिमुद्रण शिकणाऱ्या अर्पितानं परीक्षेसाठी मायचंच गाणं रेकॉर्ड केलं, पेटीच्या सुरात न बसणारी प्रत्येक जागा संगणकावर सरकवून बसवली आणि वर्गात पहिली आली. सुट्टीत तिनं कौतुकानं मायच्या कानांना हेडफोन लावला. “लय सुरात गाते वं ही बाई. कोण हाय?” “तूच! चुकलेले सूर तेवढे मी नीट केले.” “किती चुकले होते?” “एक्केचाळीस,” अर्पिता उत्साहानं म्हणाली. मायनं हेडफोन काढून मांडीवर ठेवला. “इतके वर्स बेसूर गाऊन राह्यली होती मी, अन् कोणी सांगतलं बी नाही.” दुसऱ्या दिवशी शेजारच्या हळदीत बायांनी मायला मधे बसवलं. “ते नीट केलेलं लाव,” ती अर्पिताला म्हणाली आणि ओठ मिटून हळद कालवू लागली.